पल्ला

कोलोरॅडोत नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याचा परवा रात्री फोन आला. फराळाच्या गप्पा संपल्यावर तो जरासा अडखळत म्हणाला, "काका, इकडे रीतसर परवाना काढून एल्कची शिकार करतात. मित्रांबरोबर मीही जाणार आहे. लांबून मारायला काडतूस कोणते घ्यावे?"

बेंबळीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न! पण आमच्या घरी एके काळी बारा बोअरची बंदूक होती. तेवढ्या पुण्याईवर त्याने मला जाणकार ठरवले असावे. विचार करून सांगतो, असे म्हणून मी चार दिवस मागून घेतले.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद. नराचे वजन तीनशे किलोच्या घरात. त्याच्यासाठी कोणी १९०६ सालचे जुनेजाणते .३०-०६ काडतूस सुचवतो, कोणी १९६२ चे सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम, तर कोणी १९६३ चे .३०० विंचेस्टर मॅग्नम. या वादाच्या मुळाशी दयाच आहे, हे मला मान्य आहे. काडतूस दुबळे पडले तर जनावर तडफडते. म्हणून ते दमदार हवे.

पण मी हिशेब मांडून पाहिला. पाचशे यार्ड गाठायला त्या विंचेस्टरच्या गोळीलाही सुमारे सहा दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात ती पाच-सहा फूट खाली उतरते. ही घसरण दुर्बिणीवर आधीच बसवता येते, वाऱ्याचाही अंदाज बांधता येतो. मात्र तेवढ्या वेळात जनावराने एक पाऊल टाकले, तर काळजावर धरलेली गोळी पोटात बसते. ते पाऊल काडतुसाच्या कोणत्याच कोष्टकात नसते.

असे एक पाऊल मी पाहिले आहे. १९६९ सालचा पौष होता. शाळू कंबरेच्या वर आला होता. आबांची बंदूक राखणीची. चाळीस पावलांपलीकडे त्यांनी कधी बार काढला नाही. "जितकं चालत जायाची तयारी, तितक्या लांबूनच मारावं," असे ते म्हणत. त्या दिवशी एक पाहुणे ईशापूरची .३१५ रायफल घेऊन आले होते. दूर, दोनशे पावलांच्याही पलीकडे काळवीट उभे होते. पाहुण्यांनी रायफल आबांच्या हाती दिली. आबा घुटमळले. तेव्हा बोट दाखवून "मारा ना, आबा!" असे ओरडणारा मुलगा मीच.

बार झाला आणि काळविटाने पाऊल टाकले. ते पडले नाही. लंगडत शाळूत शिरले. पाहुण्यांनी मोटार गाठली. आम्ही ताटांवरचे रक्ताचे थेंब बघत दिवेलागणीपर्यंत हिंडलो. आबा कंदील घ्यायला घरी आले आणि मला म्हणाले, "चल." मी दमलो होतो, भूकही लागली होती. मी गेलो नाही. ते पहाटे रिकामे परतले. तिसऱ्या दिवशी ओढ्यावर गिधाडे उतरलेली साऱ्या गावाने पाहिली.

पुढे १९७२ च्या कायद्याने काळवीट मारणेच बंद झाले. त्या रात्रीविषयी आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मला वाटते, काडतूस आपला हात लांब करते, पाय मात्र तेवढेच राहतात. जिथवर हात पोचतो तिथवर पायांनी जायचे, ही जोखीम काडतुसाबरोबर विकत मिळत नाही. आणि हे शिकारीपुरतेच आहे का? लांबून एखाद्याला शब्द मारताना तरी आपण त्याच्या दारापर्यंत जायला तयार असतो का?

काल पुतण्याला फोन केला. म्हटले, ".३०-०६ पुष्कळ झाले. चाप ओढण्याआधी एवढेच बघ : जनावर उभे आहे तिथे अंधार पडायच्या आत तू जाशील का, आणि ते तिथे नसले तर त्याच्यामागे रात्रभर हिंडशील का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही हिंडला होतात?"

"नाही रे," मी म्हणालो, "म्हणून तर सांगतोय."