दानीएलाचे दहा दिवस
(दानीएल 1 : 8-16)



बाबेलास धरून नेलेला दानीएल तेव्हा कुमारवयाचाच होता. राजाचे अन्न व द्राक्षारस यांनी आपणांस विटाळवून घ्यावयाचे नाही, असा निश्चय त्याने आधीच मनात केला होता.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मोहाच्या दारूचा पेला मुलांपुढे लग्नात आणि होळीत येतो. आणि तो पुढे करणारा वैरी नसतो, मामा किंवा थोरला भाऊ असतो. राज्यात 2012 पासून गुटख्यास बंदी आहे, तरी त्याची पुडीही मित्राच्याच हातून मिळते. म्हणून "घेऊ नको" एवढे बजावल्याने मुलाचे रक्षण होत नाही. आप्तांस न दुखविता नकार कसा द्यावा, हे आपण त्यास घरीच शिकविले पाहिजे.

दानीएलाने कारभाऱ्यास शिव्याशाप दिले नाहीत. नम्रपणे विनंती केली. द्राक्षारसाऐवजी पाणी मागितले. मुदत दहाच दिवसांची ठेविली. शिवाय तो एकटा नव्हता; तिघे सोबती त्याच्याबरोबर होते.

सोबतीचे बळ या भूमीने पाहिलेले आहे. तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांच्या सांगण्यावरून 1938 च्या सुमारास पुष्कळ भिल्ल बांधवांनी एकत्र जमून दारू सोडली. त्यांचा पंथ आपला नव्हे. तथापि एकट्यास जे जड जाते ते मंडळीस साधते, हे त्यांच्यापासून आपण शिकावे.

यास्तव उपदेशक बंधूंनी तीन-चार मुलांची एकेक जोड करावी. त्यांनी दहा दिवसांचा नेम धरावा, सायंकाळी एकत्र प्रार्थना करावी, आणि ज्या वेळी मन ओढ घेते त्या वेळी खेळ, भजन किंवा शेतातील काम हाती घ्यावे. लग्नघरी जाताना सोबत्यास बरोबर न्यावे. वडिलांनीही तोच नेम धरावा. बापाच्या हाती पेला असता मुलास उपदेश कोठून लागणार? जो फार दिवस रोज पीत आला आहे, त्याने एकाएकी दारू सोडल्यास कंप किंवा झटके येण्याचा संभव असतो. त्यास आधी वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे. सरकारचा 14446 हा दूरध्वनी क्रमांकही साहाय्यास आहे.

आणि एखादा मुलगा चवथ्याच दिवशी पडला तर? त्याचे नाव मंडळीतून काढू नका, चारचौघांत त्यास लाजवू नका. लूकच्या पंधराव्या अध्यायातील बाप पुत्र दूर आहे तोच धावत गेला. आपणही त्याच्या घरी जावे, त्यास जवळ बसवून जेवू घालावे आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या दिवसापासून पुनः मोजण्यास आरंभ करावा. प्रभु आपल्या लेकरांस तसे बळ देवो. आमेन.