जोतं तीन फूट उंच, मग माय उतरणार कुठून?

खाली बसू नका. गेल्या दहा-बारा वर्षांत ज्यांनी चोपड्यात घर बांधलं ते उभे राहा. ज्यांनी ते बांधून दिलं ते इंजिनिअर, ठेकेदार, मिस्त्री, तेही उभे राहा. तुमच्यातल्या निम्म्यांना गुणोत्तर-प्रमाण मीच फळ्यावर शिकवलं आहे, त्यामुळे आज ऐकून घ्यावं लागेल.

यावल रस्त्याला, शिरपूर रस्त्याला नव्या प्लॉटांवर तुम्ही काय उभं केलं आहे ते मी रोज बघतो. फाटकाशी मोटारसायकल चढावी म्हणून खाचा पाडलेला उतार असतो. पोर्चपर्यंत गाडी बिनबोभाट जाते. पोर्चपासून दारापर्यंत मात्र काळ्या ग्रॅनाइटच्या पाच पायऱ्या. त्यांना पॉलिश आहे, कठडा नाही. सगळ्या एकाच रंगाच्या, त्यामुळे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एक पायरी संपून दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. गाडीच्या चाकाचा विचार तुम्ही केलात. गुडघे गेलेली माय त्या घरातून खाली कशी उतरेल, हा विचार नकाशा काढताना कोणाच्याही डोक्यात आला नाही. वास्तुशांतीला तिला दोघांनी धरून वर चढवलं. त्यानंतर ती दवाखान्यात जाण्यापुरतीच बाहेर दिसते. शेजारणीच्या ओट्यावर दोन घटका बसणंही तुम्ही तिचं बंद केलंत.

रस्ता दरवेळी उंच होतो, पावसाचं पाणी घरात शिरतं, म्हणून जोतं उचललं, हे मला सांगू नका. ते मला माहीत आहे. जुना थर न उकरता त्यावर नवं काँक्रीट ओतलं जातं, हेही माहीत आहे. पण तीन फूट उंची पायऱ्यांनीच चढायची, असं कुठे लिहिलं आहे? गणित करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे तीन फुटांना छत्तीस. एवढी जागा कुठून आणू म्हणता? तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर फाटकापासून मागच्या दारापर्यंत घराच्या बाजूने लांबच लांब पट्टा सोडलेला असतो. तिथे तुम्ही जुन्या फरश्या आणि मोडका कूलर ठेवता. त्याच पट्ट्यातून चढ न्या, मध्ये विसाव्याला एक सपाट टप्पा द्या, एका बाजूने कठडा लावा. जोतं भरण्याआधीच हे ठरलं तर मुरमाच्या दोन-चार ट्रॉल्या जास्त लागतील. घर झाल्यावर आठवलं तर फोडाफोड करावी लागेल.

आता न्हाणीघराकडे या. माझा खरा राग तिथे आहे. हॉलला बारा फूट रुंदी देता, आणि माणूस जिथे हमखास घसरून पडतो तिथे अडीच फुटांचं दार, तेही आत उघडणारं. म्हातारा माणूस आत पडला तर त्याचंच अंग दाराला अडतं. बाहेरून दार ढकलणं म्हणजे त्यालाच चेंगरणं. दार बाहेर उघडणारं केलं तर चार पैसेही जास्त लागत नाहीत. चाकाची खुर्ची साधारण पंचवीस ते सत्तावीस इंच रुंद असते. चौकट आणि झडपेची जाडी वजा केल्यावर तुमच्या दारात किती उरतं ते मोजा. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना 900 मिलिमीटर मोकळी रुंदी सांगतात, म्हणजे जवळजवळ तीन फूट. आत खुर्ची फिरायला पाच फुटांचं वर्तुळ हवं. धरायला तुम्ही काय दिलं आहे? टॉवेलची दांडी, टाइलमध्ये प्लास्टिकची गुल्ली ठोकून बसवलेली. तोल गेला की हात तिच्यावरच जातो आणि दांडी हातात येते. आधाराचा गज विटेच्या भिंतीत, अँकर बोल्टने पक्का बसवायचा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा उचलला म्हणता. मिस्त्रीला ढाळ नीट देता आला तर उंबरा लागत नाही. ढाळ देता येत नसेल तर तो त्याच्या कामातला दोष आहे. त्याची शिक्षा घरातल्या आबांनी का भोगायची? पडद्याआड प्लास्टिकच्या कमोड-खुर्चीवर बसून, सुनेच्या मदतीने विधी उरकताना त्यांना काय वाटत असेल, हे एकदा तरी मनात आणा.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. रात्री सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. ज्याला जिना चढता येत नाही तो खाली तापलेल्या स्लॅबखाली एकटा राहतो. मणक्याला मार बसून कमरेखालून लुळ्या झालेल्या माणसाला त्या भागात घामही नीट येत नाही, त्याचं अंग तापतच जातं. समोरासमोर खिडक्या असलेली, मागच्या अंगणात उघडणारी एक खोली खालीच ठेवायला काय हरकत होती? ती तुम्ही सोफ्याला दिलीत.

"सर, आमच्या घरात कोणी अपंग नाही," हे उत्तर माझ्यासमोर पुन्हा देऊ नका. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. ते काय आभाळात राहतात? उद्या तुमच्याच खुब्याचं हाड मोडेल, साखरेने पाय जाईल, लेक बाळंतपणाला येऊन टाके घेऊन पायऱ्या चढेल. सातपुड्याच्या पायथ्याशी, वैजापूर-सत्रासेनकडच्या पाड्यांवर पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबांत सिकलसेल आहे. त्यात रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं, तेही विशी-तिशीतल्या पोराचं. त्याला उकिडवं बसता येत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे. स्वच्छ भारतच्या शौचालयासाठीच्या 12,000 रुपयांत तुम्ही ठेकेदारांनी त्याच्या दारात काय बांधून दिलंत? दोन पायऱ्या वर, उकिडवं बसायचं भांडं, धरायला काहीही नाही.

कायदा करील, असंही म्हणू नका. राजीव रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ 2005 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी न राहता बंधनकारक व्हावेत, हा आदेश निघायला नोव्हेंबर 2024 उजाडलं. तोही सार्वजनिक जागा आणि सेवांपुरता. तुमच्या न्हाणीघराचा उंबरा मोजायला न्यायाधीश येणार नाही. तिथे जबाबदार तुम्हीच.

अमेरिकेतला रोनाल्ड मेस नऊ वर्षांचा असताना पोलिओने चाकाच्या खुर्चीत बसला. कॉलेजात त्याला उचलून जिने चढवावे लागत, स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नसे. तो वास्तुविशारद झाला आणि सगळ्यांना वापरता येतील अशाच इमारती मुळात बांधा, हे त्याने जगाला पटवलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून 1984 साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. एवढं लांबही जाऊ नका. जळगावला दीपस्तंभ संस्थेच्या मनोबल प्रकल्पात अंध आणि अस्थिव्यंग मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांतलं कोणी अधिकारी होऊन चोपड्यात बदलून आलं, तर त्याला भाड्याने कोणतं घर दाखवाल? एकाने तरी पत्ता सांगा.

गप्प का?

उद्या सकाळी प्रत्येकाने टेप घ्यायची. जोत्याची उंची, पायऱ्यांची संख्या, न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी, ते कुठल्या बाजूला उघडतं ते, आणि उंबऱ्याची उंची कागदावर लिहायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला "तुम्हाला कुठे जाता येत नाही?" असं विचारायचं आणि जे सांगतील ते त्याच कागदाखाली उतरवायचं. रविवारी ते कागद मला हवेत. इंजिनिअर आणि ठेकेदारांनी हातातल्या प्रत्येक कामाचा नकाशाही आणायचा. ज्याचं जोतं अजून भरायचं आहे, त्याने मिस्त्रीला आत्ता फोन करून काम थांबवायचं. इथूनच, माझ्यासमोर.