ज्यानं मारलं त्याच्याच बापापाशी

मी डाळ मिलमध्ये कामाला आहे. काम अकोल्यात, गाव मेडशी. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूर सोडलं की पुढं लागतं ते. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. कविता करतो म्हणून वस्तीतले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. कवीचा वस्तीला एवढाच उपयोग. मला तो कमी वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यात गावी गेलो तेव्हा शेजारचे काका आले. एका सरकारी कचेरीत शिपाई आहेत. हातात आदेश होता. एक वर्षाची वेतनवाढ रोखली. कारण, कचेरीतली एक फाइल गहाळ झाली. त्यांना आधी नोटीस आली होती, त्यांनी खुलासाही दिला होता : त्या दिवशी मी रजेवर होतो, रजा मंजूर आहे. आदेशात त्यावर एकच ओळ. ‘आपला खुलासा समाधानकारक नाही.’ का नाही, ते कुठंच नाही.

मी पेन काढला. काका सांगू लागले, ‘लिह्य बाबू. साहेब मायबाप हायेत. गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. चुकलं असन तं पदरात घ्या.’

‘काका, तुमचं चुकलं का?’

‘नाई ना. मी तं रजेवर होतो.’

‘मग त्यांनी पदरात काय घ्यायचं?’

काका गप बसले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘ज्यानं मारलं त्याच्याच बापापाशी जाऊन रडा लागते. त्याले तुमी शिकेल लोकं अपील म्हन्ता. मंग रडाचंच हाय तं चांगलं रडू ना.’

दोस्तांनो, याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते शोधायला बसलो, त्यातून हे लिहिणं झालं.

आधी नियम पाहू. राज्य सरकारच्या नोकरांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ आहेत. शिक्षेचा आदेश हाती पडल्यापासून ४५ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अपील ऐकणाऱ्यानं तीन गोष्टी पाहायच्या. रीत पाळली का, पुराव्यावरून दोष खरोखर निघतो का, आणि दोषाच्या मानानं शिक्षा बरोबर आहे का. शिक्षा रद्द होते, कमी होते, वाढूही शकते. म्हणून अपील झोपेत लिहू नये. भाषेचाही नियम आहे : अनादराची भाषा नको. मी तो दोनदा वाचला. लाचारीची भाषा हवी, असं त्यात कुठंही नाही.

अपील फेटाळलं, तर वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. सहा महिने कुणी उत्तरच दिलं नाही, तरी ते दार उघडतं. संसदेचा कायदा १९८५ चा, आपल्या राज्यात न्यायाधिकरण १९९१ साली सुरू झालं, विदर्भाचं खंडपीठ नागपूरला आहे. १९९७ च्या चंद्रकुमार खटल्यापासून त्याच्याही निकालावर हायकोर्टात दाद मागता येते. म्हणजे काकांचं अर्धंच खरं. पहिली पायरी मारणाऱ्याच्या बापाची, पुढच्या पायऱ्या त्याच्या घरच्या नाहीत. पण पहिली पायरी सहसा गाळता येत नाही. तिथंच माणूस अडकतो.

बाबासाहेबसुद्धा अडकले होते. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. राहायला जागा कुणी देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला. अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. अर्जाचा निकाल लागलाच नव्हता. एवढा शिकलेला माणूस, पण त्या अर्जाला उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं.

पुढं याच माणसाच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा झाला. तिच्या ३११ व्या कलमात आहे, की सरकारी नोकराला आरोप सांगितल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. याला काही अपवाद आहेत. अशी तरतूद १९३५ च्या कायद्यातही होती, तेव्हा ती पहिल्यांदा आपणच आणली असा खोटा डंका पिटायला नको. पण बडोद्यात फिरत राहिलेला तो अर्ज आठवून हे कलम वाचा.

आता मूळ प्रश्न. आपल्यातले काही मित्र म्हणतात, त्यांच्या शिडीवर चढायचंच कशाला? अपील केलं म्हणजे त्यांना मोठं मानलं. यात राग आहे आणि तो खोटा नाही. पण जरा विचार करा. जातीनं आपल्याला काय केलं? हुकूम दिला आणि कारण दिलं नाही. पाणवठ्यावर येऊ नको. का? नको म्हणजे नको. ज्याला कारण द्यावं लागत नाही तो मालक, आणि ज्याला विचारता येत नाही तो गुलाम. ‘खुलासा समाधानकारक नाही’ ही ओळ त्याच घरातली आहे. अपील करणारा साहेबाला विचारतो, का ते लिहा. कारण एकदा कागदावर आलं की ते खोटं पाडता येतं. मनातलं कसं खोटं पाडणार?

सुप्रीम कोर्टानंही हे मानलं आहे. रामचंदर नावाच्या रेल्वे कामगाराला नोकरीवरून काढलं होतं. रेल्वे बोर्डानं त्याचं अपील यांत्रिकपणे फेटाळलं. १९८६ साली कोर्टानं सांगितलं, त्याला समक्ष ऐका आणि कारणं देऊन निर्णय करा.

तुम्ही म्हणाल, हे कायम नोकरीवाल्यांचं. खरंय. मिलमध्ये मुकादम आमच्यातल्या एका बाईला म्हणाला, उद्यापासून येऊ नको. आदेश नाही, सही नाही, तारीख नाही. कामगार कोर्ट आहे, पण ती कामावर होती याचाच कागद नाही. म्हणून शिपायाच्या हातातला तो वाईट आदेशसुद्धा मला मोलाचा वाटला. निदान भांडायला काही तरी आहे.

आता आपल्याच घरातलं सांगतो. गेल्या जयंतीनंतर आमच्या मंडळानं खजिनदार पोराला काढलं. हिशोबात घोळ, असं कुणी तरी बोललं. तो बैठकीला नव्हता. दहा मिनिटांत ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मी होतो. काकांचा आदेश वाचताना मला तो हात आठवला. आम्ही तर त्या पोराला ‘समाधानकारक नाही’ एवढंही कळवलं नाही. साहेब होण्याआधीच साहेबासारखं वागलो. घोळ असेलही. पण त्याला विचारलं नाही, म्हणून तो आहे की नाही हे आम्हालाही ठाऊक नाही.

काकांचं अपील मी असं लिहिलं : रजा मंजूर असल्याचा कागद सोबत आहे. माझा खुलासा कोणत्या कारणानं अमान्य केला ते आदेशात नाही. सबब आदेश रद्द व्हावा. ‘मायबाप’ काढून टाकलं. काकांनी सही केली तेव्हा हात थरथरत होता. ४५ दिवसांच्या आत दिलं, पोच घेतली, शिक्का मारून घेतला. अजून उत्तर नाही. सहा महिने होऊन गेले तर नागपूरला जायचं ठरलंय, गाडीभाडं वस्ती देणार.

आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी त्या पोराला घेऊन जाणार आहे. हिशोबाची वही टेबलावर ठेवायची, त्याला बोलू द्यायचं, मग जे ठरेल ते कारणासकट इतिवृत्तात लिहायचं. तुमच्या गावच्या मंडळात असं कुणाला काढलं असेल, तर त्यालाही बोलवा.