खारे पाणी आणि मिर्रीख

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या, म्हणजे आपल्या उर्दूतल्या मिर्रीखच्या, कक्षेत पोहोचले. खर्च सुमारे साडेचारशे कोटी रुपये. सहा महिन्यांसाठी पाठवलेल्या या यानाशी संपर्क तुटला तो थेट २०२२ साली. त्या दिवसांत अकोला-अमरावतीकडे चहाच्या टपरीवर आम्ही एकच वाक्य ऐकत होतो : "आमच्या गावात प्यायले पाणी नाही अन् हे मंगळावर पाणी शोधून राहिले!"

हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागांत पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीत पाणी दिसते, पण पिववत नाही. शेताला द्यावे तर जमीन चोपण होते. पाणी असून तहान, ही तिथल्या माणसाची व्यथा आहे.

मंगळाची कथाही पाण्याचीच आहे. व्यास पृथ्वीच्या जवळपास निम्मा, हवेचा दाब शंभरावा हिस्साही नाही. तिथला खडक आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा, बेसाल्ट. म्हणूनच मंगळावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ बुलडाण्यातल्या लोणारला येतात. २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीने गेल विवरात प्राचीन सरोवराचा गाळ तपासला. २०२१ साली पर्सिव्हिअरन्स गाडी जेझेरो विवरात, जुन्या नदीच्या मुखाजवळ उतरली. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे पाणी वाहत होते. ग्रहाचे चुंबकीय कवच गेले, सौरवाऱ्याने हवा ओरबाडली, काही पाणी उडाले, काही बर्फ होऊन आणि खडकात मुरून राहिले. मातीत माणसाला अपायकारक असे क्षार सापडले, हे २००८ साली फिनिक्स यानाने दाखवले.

मग ही मोहीम उधळपट्टी होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. ते साडेचारशे कोटी वाचले असते तर दर्यापूरच्या खेड्यात गोडे पाणी आले असते, असे मानायला आधार नाही. भूजल कुठे मिळेल याचे नकाशे इस्रोच्याच उपग्रहांच्या मदतीने तयार झाले आहेत. अडचण माहितीची नाही, नियतीची आहे. आणि उर्दूत नियत म्हणजे नशीब नव्हे, मनातला हेतू.

ज्ञान आले की सबब संपते. ज्याला ठाऊक नाही, तो अल्लाहसमोर अज्ञानाचे कारण सांगू शकेल. पण कोट्यवधी किलोमीटरवरच्या कोरड्या नदीचे पात्र आपण वाचू शकतो. तर पन्नास किलोमीटरवरची तहान दिसली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? टपरीवरचा प्रश्न म्हणून बरोबरच आहे, फक्त तो शास्त्रज्ञांना नव्हे, सरकारला विचारला पाहिजे. आणि थोडासा स्वतःलाही.

हजरत सअद वजू करत असताना पैगंबरसाहेबांनी त्यांना पाण्याच्या उधळपट्टीबद्दल टोकले आणि वाहत्या नदीकाठीही ती नको असे सांगितले, अशी हदीस आहे. ती आम्ही लहानपणापासून ऐकतो. तरीही वजूखान्यातला नळ सलाम-दुआ होईपर्यंत वाहत असतो. मंगळाचे पाणी गेले त्यात कुणाचा गुन्हा नव्हता. आपले गेले, तर हिशेब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.