जुळ्यांचं आजोळ

घरात जुळी झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाकडे होती ही जुळी?" सासरच्यांना एखादी आत्या आठवते, माहेरच्यांना मावशी, आणि श्रेयाची वाटणी सुरू होते. भिन्न जुळ्यांपुरता हा वाद मावशीनेच जिंकायचा. एका पाळीत दोन स्त्रीबीजं सुटली आणि दोन्ही फळली तर अशी जुळी होतात, आणि बीजं सुटणं हा सर्वस्वी आईच्या शरीराचा कारभार. (एकसारखी जुळी बहुधा घराणं पाहून येत नाहीत, ती बाजूला ठेवू.)

पाळीच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते. त्याने बीजांडकोशातल्या अनेक पुटिका एकदम वाढीला लागतात. त्यांतली एक पुढे निघते आणि इस्ट्रोजेन व इन्हिबिन सोडून पिट्यूटरीला आवरतं घ्यायला लावते. एफएसएच उतरतं, मागे पडलेल्या पुटिका सुकून जातात. एका वेळी एकच मूल होतं ते या आवरण्यामुळे. एफएसएच थोडं चढं राहिलं, किंवा बीजांडकोश त्याला जास्त दाद देऊ लागला, की दुसरी पुटिकाही तग धरते. भिन्न जुळ्यांच्या मातांच्या जनुकीय अभ्यासात २०१६ साली दोन जागा हाती लागल्या, त्या याच दोन वाटांवरच्या: एक एफएसएचबी जनुकाजवळची, दुसरी एसएमएडी३ जनुकातली.

मग बापाकडचं काहीच नाही? याचं उत्तर फलटणच्या मेंढ्यांकडे आहे. दख्खनी मेंढी एरवी वेताला एकच कोकरू देते. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या बुटक्या गरोल मेंढ्यांमधलं फेक-बी जनुक संकर करून तिच्यात आणलं आणि 'नारी सुवर्णा' घडवली. या जनुकाची एक प्रत असली तरी मेंढीला जुळी सर्रास होतात. पण हे जनुक बाळगणारा मेंढा चारचौघांसारखाच दिसतो. साध्या मेंढीशी तो लागला तरी तिला त्याच्यामुळे जुळी होत नाहीत. होतात त्याच्या लेकींना, त्या व्यायला लागल्यावर.

सासरच्या त्या आत्याचा हिशेबही असाच एक पिढी उशिरा लागतो. तिच्यातला गुण तिच्या भावातही असू शकतो. त्याच्या बायकोवर त्याचा परिणाम शून्य, पण मुलीकडे तो जाऊ शकतो. जुळी एक पिढी गाळून होतात ही समजूत इथूनच आली असावी. पुरुषाच्या ठिकाणी गुण दिसत नाही म्हणून तो नाहीच असं आपण धरतो आणि सगळा वंश बाईच्या खात्यावर मांडतो. मेंढा निवडणारा ही चूक करत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र फेक-बीइतकं जबर एकच जनुक हाती आलेलं नाही. सापडलेल्या प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा. शिवाय पस्तिशीच्या आसपास एफएसएच आपोआप चढू लागतं. त्यामुळे घराण्यात एकही जुळं नसताना छत्तिसाव्या वर्षी जुळी होऊ शकतात, आणि आजी, मावशी दोघींना जुळी असूनही विशीतल्या भाचीला एकेकच.