एका जीबीची किंमत कोण ठरवतं?

आमच्या संशोधन गटाची दर मंगळवारी ऑनलाइन बैठक असते. मी स्कॉटलंडमध्ये, दोघं जर्मनीत, एक पुण्यात आणि एक मलावीतल्या ब्लँटायर शहरात. विषय हिवताप. म्हणजे खरं तर हिवतापाचे रुग्ण रोज पाहणारा आमच्यात तो एकच. पण त्याचा कॅमेरा कायम बंद. एकदा मीच सुचवलं, सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवूया, जरा आपलेपणा वाटेल. त्याने निमूटपणे चालू केला आणि वीसेक मिनिटांत तो बैठकीतून गायब झाला. रात्री मेसेज आला: माफ कर, या आठवड्याचं डेटा बंडल संपलं.

ते बंडल तो स्वतःच्या पगारातून विकत घेत होता. तासभराच्या व्हिडिओ बैठकीला सहज एक जीबीच्या आसपास डेटा लागतो. माझ्या घरी महिन्याचं ठरावीक बिल येतं. एक जीबी मला कितीला पडतो हे मी कधी मोजलंच नव्हतं. तुम्ही मोजलं आहे का?

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात आहे. एकाच खंडात कुठे इंटरनेट बऱ्यापैकी स्वस्त आणि कुठे माणसाच्या कमाईचा लचका तोडणारं. हे दुर्दैव म्हणायचं की अन्याय? ज्युडिथ श्क्लार या राजकीय तत्त्वज्ञ बाईंनी १९९०च्या त्यांच्या पुस्तकात याच दोन शब्दांमधली सीमारेषा तपासली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही रेषा निसर्गाने आखलेली नसते. आपण कशात हस्तक्षेप करायला तयार आहोत, त्यावर ती ठरते. ही कसोटी इथे लावून बघू.

आधी दुर्दैवाची बाजू. मलावीला समुद्र नाही. जगाचं इंटरनेट समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून चालतं. त्यामुळे ब्लँटायरचा ईमेल आधी मोझांबिक किंवा टांझानिया ओलांडून किनाऱ्यावर पोचणार आणि तिथून पुढे जाणार. वाटेतला प्रत्येक जण आपलं भाडं घेणार. विजेचा भरवसा नसेल तिथे मोबाइलचे टॉवर डिझेलवर चालवावे लागतात. शिवाय परदेशी बँडविड्थचे पैसे डॉलरमध्ये मोजायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचाचं अवमूल्यन झालं आणि डॉलरचा अधिकृत भाव सुमारे १,१८० क्वाचांवरून १,७०० वर गेला. आमच्या मित्राचा पगार मात्र क्वाचातच होता.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, नकाशाच तसा, कोण काय करणार? पण किनाऱ्यावरच्या देशांकडे पाहा. २००२ साली सॅट-३ ही केबल आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने सुरू झाली. केबल दारात आली, तरी तिथल्या देशांत इंटरनेट वर्षानुवर्षं महागच राहिलं. कारण बहुतेक ठिकाणी केबलच्या टोकाची चावी एकाच जुन्या दूरसंचार कंपनीकडे होती. नदी गावातून वाहते, पण घाट एकट्या पाटलाचा, तशातली गत. २०१०च्या सुमाराला दुसऱ्या केबल आल्या, तेव्हा घाऊक दर उतरू लागले. पूर्व किनाऱ्याला तर २००९ पर्यंत अशी केबलच नव्हती, उपग्रहावर भागवावं लागे. मग सीकॉम आणि टीम्स या दोन केबल एकाच वर्षी मोंबासाला पोचल्या आणि केनियाचं चित्र पालटलं.

त्याच केनियात २००० साली स्थानिक कंपन्यांनी एक साधी सोय केली होती: नैरोबीहून नैरोबीलाच जाणारा ईमेल अमेरिका-युरोपची वारी न करता गावातल्या गावात द्यायचा. जुन्या सरकारी कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ती काही आठवड्यांत बंद पाडली. पुन्हा सुरू व्हायला २००२ उजाडलं. मधल्या काळात शेजारच्या इमारतीत पत्र पाठवण्यासाठी लोक समुद्रापारचं भाडं भरत राहिले. याला दुर्दैव कसं म्हणायचं? तो कुणीतरी सही केलेला निर्णय होता. युगांडानेही २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक वापरायला दिवसाला २०० शिलिंगांचा कर लावला; तो २०२१ मध्ये काढला आणि त्याजागी थेट डेटावर १२ टक्के अबकारी कर बसवला. नकाशा तसाच राहिला आणि किंमत बदलली.

मला सगळ्यांत जास्त टोचलं ते दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण. तिथल्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०१९ च्या अहवालात नोंदवलं, की छोटी बंडलं घेणाऱ्यांना दर एमबीमागे मोठं बंडल घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात, आणि छोटी बंडलं घेतात ते गरीब. आपल्याला हे नवं नाही. वाण्याकडून रोज पाच रुपयांचं सुटं तेल नेणारी बाई वर्षाकाठी डबा आणणाऱ्यापेक्षा महाग तेल खाते. तिला हिशेब येत नाही असं नाही, तिच्याकडे डब्याचे पैसे एकदम कधी जमत नाहीत, इतकंच. आयोगाच्या दट्ट्यानंतर, एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सगळ्यांत मोठ्या कंपनीने महिन्याच्या एक जीबीचा दर १४९ रँडवरून ९९ वर आणला. दर उतरवायला नवी केबल लागली नाही, समुद्रही लागला नाही.

आता तुमचा आक्षेप माझ्या कानावर येतोय. कंपनीने पैसा घातला तर ती वसूल करणारच. स्वस्त द्या म्हणायला काय जातं? आक्षेप खरा आहे. डोंगराआड टॉवर उभारायचा खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो. प्रश्न इतकाच, की तो ज्याच्या नशिबी डोंगर आला त्यानेच सोसायचा, की सगळ्यांनी मिळून? भारतात १८५४ पासून पत्राला अंतराप्रमाणे नव्हे, वजनाप्रमाणे तिकीट लागू लागलं. मुंबईतल्या मुंबईत असो की दूरच्या खेड्यात, तिकीट तेच. ते इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी केलं असेल, पण त्यातून एक तत्त्व आपल्या अंगवळणी पडलं: दूर राहणं हा गुन्हा नाही, त्याचा दंड नको. देशाच्या आत आपण हे सहज मान्य करतो. सीमा ओलांडली की तेच तत्त्व आपल्याला भोळसट वाटू लागतं. का, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

आणि आपला स्वस्त डेटा तरी कुठे आपल्या पुण्याईचा? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, दर कोसळले. पण त्यामागे अवाढव्य भांडवल होतं आणि अब्जाच्या वर ग्राहकांची बाजारपेठ होती. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या मलावीत, जिथे मोबाइल सेवा मुख्यतः दोनच कंपन्यांच्या हाती आहे, तो चमत्कार आपोआप होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ साली उद्दिष्ट ठेवलं होतं: प्राथमिक इंटरनेट दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत, २०२५ पर्यंत. अनेक आफ्रिकी देश त्याच्या बरेच बाहेर राहिले.

म्हणून मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. समुद्र नसणं हे दुर्दैव. घाट एकाच्याच ताब्यात देणं, गरिबाला सुट्याचा जादा भाव लावणं, हा अन्याय. आणि हे कळल्यावरही ‘नकाशाच तसा’ म्हणून गप्प बसणं, यात आपलाही वाटा आला.

आमच्या गटात आता सगळ्यांचेच कॅमेरे बंद असतात. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात डेटाच्या खर्चाची एक ओळ घातली. दोन ईमेल आणि एक फॉर्म, एवढंच काम होतं. इतकी वर्षं ते कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी जरा समाधानाने त्याला हे कळवलं. त्याने आभार मानले आणि पुढे लिहिलं, की त्याची बहीण गावच्या शाळेत शिकवते. धडा उतरवून घ्यायचा असेल, तर ती अजून एका दिवसाचं सर्वांत छोटं बंडल घेते. तिच्या शाळेच्या अंदाजपत्रकात अशी ओळ कोण घालणार, हे त्याने विचारलं नाही. मी मात्र तुम्हाला विचारते आहे.