भरवशाचा शेजारी

२९ सप्टेंबर २०१९ रोजी भारत सरकारने कांद्याची निर्यात एका आदेशासरशी बंद केली. त्यानंतर आठवड्याच्या आत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्या हसत हसत म्हणाल्या, की मी आचाऱ्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलं आहे; तुम्ही आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. सभेत हशा पिकला, पण तक्रार खरी होती. पुढच्याच सप्टेंबरात पुन्हा तीच बंदी आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एकदा. ढाक्याने तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान असे दुसरे विक्रेते शोधले, स्वतःच्या शेतकऱ्यांना कांदा लावायला उत्तेजन दिलं. नाशिकच्या शेतकऱ्याचं हुकमी गिऱ्हाईक असं हातातून निसटू लागलं. शहरांतल्या भाववाढीपुरता पाहिलेला स्वार्थ ढाक्याला नडला, तसा लासलगावलाही नडला.

परराष्ट्र धोरणावर आपल्याकडे वाद होतो तो बहुधा दोन टोकांवरून. राष्ट्राने आपलं हित तेवढं पाहावं, बाकी सगळा भाबडेपणा, असं एक पक्ष म्हणतो. मोठ्याने मन मोठं ठेवावं, असं दुसरा म्हणतो. हित कोणत्या मुदतीचं, हे मात्र दोघेही सांगत नाहीत. माझं म्हणणं असं, की लहान शेजाऱ्यांना भारताकडून औदार्यापेक्षा भरवसा हवा असतो. आज दिलेला शब्द उद्या आपल्या घरच्या राजकारणाच्या रेट्यातही टिकेल, एवढी खात्री त्यांना पुरते. ती देणं हाच भारताचा सर्वांत दूरदृष्टीचा स्वार्थ आहे.

इंद्रकुमार गुजराल यांनी १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना एक सूत्र मांडलं: नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव आणि श्रीलंका यांच्याकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवता भारताने जमेल तेवढं द्यावं. त्यांची भाबडे म्हणून बरीच संभावना झाली. पण त्या यादीत पाकिस्तान नव्हता, हे टीकाकार विसरले. सद्भाव कुठे चालतो आणि कुठे नाही, याचं भान त्या सूत्रात होतं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला बांगलादेशशी गंगेच्या पाणीवाटपाचा करार झाला. फराक्क्याजवळचं जानेवारी ते मे महिन्यांतलं पाणी दर दहा दिवसांच्या हिशेबाने वाटून घ्यायचं ठरलं आणि दोन दशकं चिघळलेला तंटा मार्गी लागला. पुढे २००९ नंतर हसीना सरकारने आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेचे नेते भारताच्या ताब्यात दिले. २०१५ मध्ये एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांचा प्रश्न सुटला. तिस्ता नदीच्या पाण्याचा करार मात्र २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडला, तो अडलाच. शिवाय आपली मैत्री एका सरकारशी जुळली, जनतेशी तेवढी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ते सरकार कोसळलं तेव्हा ही उणीव उघडी पडली.

नेपाळची गोष्ट अधिक बोचरी आहे. एप्रिल २०१५ च्या भूकंपात भारताची मदत काही तासांतच काठमांडूला पोचली. त्याच सप्टेंबरात नेपाळच्या नव्या संविधानावरून तराईत, म्हणजे भारतालगतच्या सखल पट्ट्यात, तिथल्या मधेशींचं आंदोलन पेटलं. त्यांच्या गाऱ्हाण्यांत तथ्य होतं. पण रक्सौल-वीरगंज नाक्यावर मालमोटारी थांबल्या, इंधन आणि औषधांचा तुटवडा महिनोन् महिने चालला. नाकेबंदी आम्ही केलेली नाही, असं दिल्ली सांगत राहिली. चूल पेटवायला गॅस नसलेल्या नेपाळी माणसाला ते पटलं नाही. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओली यांनी बीजिंगला जाऊन चीनमार्गे माल नेण्या-आणण्याचा करार केला. भूकंपात कमावलेलं वर्षाच्या आत गेलं.

उलट उदाहरण भूतानचं. चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प भारताच्या पैशावर उभा राहिला: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. १९८० च्या दशकात वीज सुरू झाली आणि भूतानची गरज भागून उरलेली वीज भारताने विकत घेतली. भूतानच्या तिजोरीत पैसा आला, आपल्या पूर्वेकडच्या राज्यांना वीज मिळाली. यात कोणी कोणावर उपकार केले, हे सांगता येत नाही. म्हणूनच तो व्यवहार टिकला.

श्रीलंकेत दोन्ही वाटा आपण चालून पाहिल्या. १९८७ मध्ये पाठवलेल्या शांतिसेनेचे हजारावर जवान कामी आले आणि तमिळ व सिंहली, दोघांचाही रोष पदरी आला. २०२२ मध्ये देश दिवाळखोर झाला तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचं साहाय्य उभं केलं, इंधन आणि औषधं पाठवली. बळाने न मिळालेली पत या मदतीने मिळाली.

मराठी वाचकाला हा धडा परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर उत्तरेत मराठ्यांइतकी प्रबळ सत्ता दुसरी नव्हती. पण चौथाईच्या वसुलीने आणि जयपूरच्या वारसाहक्कातल्या ढवळाढवळीने राजपूत दुखावले, १७५४ च्या कुंभेरीच्या वेढ्याने जाट. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर अब्दाली समोर उभा ठाकला तेव्हा राजपूत राजे भाऊसाहेबांच्या मदतीला आले नाहीत. सूरजमल जाट तर आधीच बाजूला झाला होता. पराभवानंतर उपाशी, जखमी मराठ्यांना आसरा दिला तो मात्र त्याच सूरजमलने. सत्ता हाती असताना जोडायची माणसं आपण वसुलीच्या यादीत घातली, त्याची किंमत एका दिवसात मोजावी लागली.

गंगेचा करार तीस वर्षांचा आहे. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. ढाक्यात कोण सत्तेवर आहे हे न पाहता, बिहार आणि पश्चिम बंगालचं म्हणणं आधीच ऐकून, तो पुढे नेणं ही भारताची कसोटी आहे. निर्यातबंदी, पाणी, व्हिसा यांच्या बातम्या वाचताना आपल्याला आज काय मिळालं, हे सरकारला जरूर विचारा. त्याच्याच जोडीला हेही विचारा, की शेजाऱ्याने उद्या आपल्यावर विसंबावं असं आपण वागलो का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, तो देश नुसता आकाराने मोठा असतो.